दुखण्याला दहापैकी दहा

आमच्या गल्लीतली शिफा मणेर काय काम करते, हे लोकांना सांगून सांगून मी दमले आहे. ती मेंदूची शास्त्रज्ञ आहे, जर्मनीहून परत आलेली. डॉक्टर म्हणतात तिला, पण गोळी देणारी डॉक्टर नव्हे. माणसाला दुखतं तेव्हा मेंदूत काय होतं, आणि माणूस रागात, आनंदात किंवा काळजीत असला की तेच दुखणं कमीजास्त का होतं, एवढंच ती शोधते. यात न कळण्यासारखं काही नाही. तरी तिची प्रयोगशाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या बयाबाई आपला उजवा गुडघा घेऊन तिच्या दारात जाऊन बसल्या. बयाबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला ज्यांच्या म्हशी आहेत त्या. अर्धी पेठ त्यांचं दूध पिते आणि उरलेली अर्धी त्यांना घाबरते. शिफानं त्यांना समजावलं की आजी, मी उपचार करत नाही. मी धडधाकट माणसाच्या हाताला जरासा चटका देते आणि किती दुखलं ते विचारते.

बयाबाईंनी तिला खालून वर पाहिलं.

"म्हंजे बरं करत न्हाईस. नुसतं दुखवून बघतीस?"

"तसंच म्हणा, आजी."

"आगं मग त्येला जर्मनीला कशाला जायाला लागतंय? माझी थोरली सून घरात बसून करती की."

हा किस्सा त्यांनी स्वतःच दूध घालता घालता दारोदार सांगितला, म्हणून मला ठाऊक.

शिफाला मी तिच्या लहानपणापासून पाहते आहे. गल्लीच्या तोंडाशी मणेरांचं बांगड्यांचं दुकान. तिचे वडील इमामभाई लवकर गेले, तेव्हापासून गादीवर फातिमाभाभी. शाळा सुटली की पोरगी काउंटरखाली दप्तर टाकायची आणि आईला डबे काढून द्यायची. तिथं तिनं एक गोष्ट पाहिली. एखादी बाई बहिणीबरोबर हसतखिदळत आली की अगदी घट्ट बांगडीसुद्धा हूं की चूं न करता भरून घ्यायची. तीच बाई पुढच्या खेपेला सासूबरोबर आली की त्याच मापाच्या बांगडीला डोळ्यांत पाणी. हात तोच, बांगडी तीच, भरणारी तीच. शिफानं आईला विचारलं की आज हिला जास्त कसं दुखलं? फातिमाभाभी म्हणाल्या, सव्वादोनचा डबा दे. झालं. पोरीला उत्तर मिळालं नाही आणि तिचा जन्म त्यात गेला.

पुढं ती कॉलेजात माझ्या वर्गात आली. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. लाजाळूचं झाड दाखवत होते, तर ही उभी राहून विचारते, पानं मिटतात तेव्हा झाडाला दुखतं का? मी म्हटलं, झाडाला मज्जातंतू नसतात, खाली बस. ती बसली, पण तिची नजर काही बसली नाही. मग बेंगळूर झालं, तिथून जर्मनी. तिकडं चांगली नोकरी होती. ती सोडून परत का आलीस असं मी स्पष्टच विचारलं, कारण बाकीचे सगळे हेच आडून आडून विचारत होते आणि मला आडून विचारायचा कंटाळा आहे. ती म्हणाली, "बाई, तिकडं माणसाला किती दुखलं विचारलं की बुटाचा नंबर सांगावा तसा आकडा सांगतो आणि घरी जातो. आपल्याकडं एकट्याला कुणाला दुखतच नाही. एकाचा पाय मोडला की बघायला आलेली पंधरा माणसं कळवळतात. मला ते मोजायचंय."

विचार चांगला होता. दिल्लीच्या एका संस्थेनं पैसा दिला, आमच्याच एका कॉलेजनं मागच्या इमारतीतली जिम्नॅस्टिकच्या गाद्या ठेवायची खोली दिली, आणि शिरोळची स्वप्नाली नावाची एक चटपटीत मुलगी मदतनीस म्हणून मिळाली. अट एकच. वर्षअखेर संस्थेची समिती येऊन काम बघणार. पसंत पडलं तर प्रयोगशाळा कोल्हापुरात राहील, नाहीतर यंत्रं उचलून बेंगळूरला आणि शिफाही त्यांच्या मागून. फातिमाभाभी पुन्हा दुकानात एकट्या.

प्रयोग असा. खुर्चीत बसायचं. मनगटाच्या वर बिस्किटाएवढी एक चपटी पट्टी बांधतात, ती क्षणभर तापते आणि निवते. भाजत नाही, ठरावीक मर्यादेला आपोआप थांबते. बोटांना दोन वायरी लावतात. तळव्याला किती घाम सुटला ते त्यावरून पडद्यावर रेघेत दिसतं. डोक्याला तारांची टोपी घालायचाही बेत होता. पण आमच्या बायकांच्या डोक्याला खोबरेल तेल, टोपी चिकटेना. मग स्वप्नाली एकेकीचं डोकं शांपूनं धुऊ लागली. तिकडं फुकट न्हायला घालतात, अशी बातमी पसरून दोन दिवसांत एवढी रांग लागली की टोपी कपाटात ठेवावी लागली. राहिली पट्टी, राहिल्या वायरी आणि राहिला प्रश्न: शून्य ते दहापैकी किती दुखलं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मधून मधून आनंदाची, रागाची, भीतीची चित्रं दाखवायची आणि आकडा कसा बदलतो ते बघायचं.

आकडा बदलेना.

पहिल्या बाईनं दहा सांगितले. दुसरीनं दहा. चित्र बाळाचं असो की सापाचं, दहा. शिफानं पट्टीची आच कमी केली, दहा. आणखी कमी केली, कपातल्या कोमट चहाएवढी, तरी दहा. एक तालमीतला पैलवान आला, कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली. तो हात पुढं करून हसत हसत दहा म्हणाला आणि जाताना शिफाच्या डोक्यावर हात ठेवून गेला. वर्षभराचा आलेख घराच्या गच्चीसारखा सपाट. वरून वायरी निराळंच सांगायच्या, कधी घाम, कधी नाही, आकड्याशी काही मेळच बसेना. शिफानं पट्टी स्वतःला लावून पाहिली, ठीक. स्वप्नालीला लावली, ठीक. यंत्र बेंगळूरला तपासायला पाठवलं, ते ठणठणीत म्हणून परत आलं. आता पोरीला रात्री झोप येईना. जगात कुठंच नाही एवढी नाजूक कातडी नेमकी कोल्हापूरकरांची कशी, याचा ती विचार करत बसली होती.

मला या गोंधळाची काही कल्पना नव्हती. मला वेळ मिळाला तसा मी जाऊन बसले, पट्टी लावून घेतली. विचारलं किती? मी चार म्हटलं, दारातल्या रांगेलाही ऐकू जाईल असं. चारच दुखलं होतं.

दुसऱ्या दिवशी बयाबाईंच्या दुधात पाणी आलं. तिसऱ्या दिवशी दूधच आलं नाही. भाजीवाली माझ्या पुढ्यातून पाटी घेऊन पुढं गेली. समोरच्या बायका मी बाहेर आले की आत जायला लागल्या. मला वाटलं, असेल काहीतरी, आमच्या गल्लीत रुसायला कारण लागत नाही. पण ईद झाली आणि फातिमाभाभींकडून शीरखुर्मा आला नाही, तेव्हा मात्र मी चपला घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला बसा म्हटलं नाही. बांगड्यांचे डबे उगाच पुसत राहिल्या. मग एकदम माझ्याकडं वळल्या.

"बाई, तुमच्या हाताखाली शिकलेली पोर. दहापैकी चार दिलंसा?"

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मी उगाच फुशारकी मारत नाही, लागला. झालं होतं असं, की वर्षाच्या सुरुवातीला शिफा फोनवर कुणाला तरी हसत म्हणाली होती, आकडे नीट आले नाहीत तर समिती मला नापास करून परत पाठवेल. फातिमाभाभींनी ते ऐकलं. त्यानंतर बांगड्या भरायला येणाऱ्या प्रत्येक बाईला, हात हातात धरलेला असताना, त्यांनी सांगितलं की पोरीची परीक्षा सुरू आहे आणि मार्क देणं तुमच्या हातात आहे. हात दुसऱ्याच्या मुठीत असताना कोण नाही म्हणतंय. बायकांनी नवऱ्यांना सांगितलं, नवऱ्यांनी तालमीत सांगितलं. अख्खी पेठ वर्षभर शिफाला दहापैकी दहा देत होती. काहींना तर वाटत होतं, आकडा दुखण्याला द्यायचा नसून तिथल्या चहापाण्याच्या सोयीला द्यायचा आहे. आणि मी एकटी, तिची मास्तरीण, चार देऊन आले होते.

मी तडक कॉलेजात गेले आणि शिफाला सगळं सांगितलं. ती आधी इतकी हसली की स्वप्नाली पाणी घेऊन धावली. मग हसायची थांबली. समिती शुक्रवारी येणार होती.

त्या आठवड्यात पोरगी घरोघर फिरली. ही माझी परीक्षा नाही, खरं दुखलं तेवढंच सांगा, असं एकेकाला हात जोडून सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे आणि एक डोळा मिटायचे. ती जितकं नाही म्हणे तितकी त्यांची खात्री पटे, की समितीनं हिला असं बोलायला लावलंय. बयाबाईंनी तर तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, "तू बिनघोर ऱ्हा. शुक्रवारी मी सोता येतो. बघू कोन नापास करतंय."

आणि आल्या. नवं कोरं लुगडं, कपाळभर कुंकू, एका हातात समितीसाठी दुधाची किटली. त्यांना खुर्चीतून उठवायची कुणाची टाप नव्हती. समितीत दोघं होती. एक टायवाले मोठे साहेब, ज्यांना वर्षभराचा सपाट आलेख पाहून आधीच आंबट ढेकर आल्यासारखं झालं होतं, आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई, ज्या बोलत नव्हत्या, नुसत्या पडद्याकडं बघत होत्या. मला शिफानं बोलावलं होतं. फातिमाभाभींना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या दाराबाहेर जिन्यावर उभ्या होत्या.

स्वप्नालीनं वायरी लावल्या, पट्टी बांधली. साहेबांना पद्धत समजावी म्हणून शिफा म्हणाली, आता मी यांना विचारणार, किती दुखलं.

"धा," बयाबाई म्हणाल्या.

"आजी, अजून यंत्र चालू केलेलं नाही."

"व्हय? मग अकरा घाल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग हिंदीत, अगदी हळू आवाजात विचारलं की सगळे आकडे असेच आहेत का. मला ठाऊक आहे, शिफाला सारवासारव करता आली असती. वृद्ध बाई आहेत, गोंधळल्या, असं म्हणून पुढची खुर्ची भरता आली असती. तिनं तसं केलं नाही. ती म्हणाली, हो, सगळे असेच आहेत. ही मापं नाहीत, मार्क आहेत. माझ्या पेठेनं मला पास करायला दिलेत. यातला एकही आकडा उपयोगाचा नाही, बाईंचा चार सोडून. बाहेर फातिमाभाभींना हिंदी समजत होती. त्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. बांगड्या वाजल्या म्हणून मला कळलं.

साहेब कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात त्या पांढऱ्या केसांच्या बाई पहिल्यांदाच बोलल्या. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, पट्टी गार होती ना? मग ही रेघ कशानं चढली?

सगळे बघायला लागले. बयाबाईंच्या घामाची रेघ चढलेली होती. नुसती चढलेली नाही, साहेबांनी चष्मा काढल्यापासून डोंगरासारखी चढलेली. हाताला काही नव्हतं. म्हातारी तोंडानं कितीही गप्पा मारो, तळवे ओले झाले होते. शिफा त्या रेघेकडं बघत राहिली. तिची ती नजर मी लाजाळूच्या वेळी पाहिली होती.

मग ती वळली आणि एकदम निराळ्याच, बाजारातल्या आवाजात बोलायला लागली.

"आजी, एक सांगायचं राहिलं. हे यंत्र माझं नाही. पलीकडच्या तालमीचं हाय. अमरसिंहांनी आणून दिलंय. तुम्ही जे मार्क देणार, ते त्यांच्या तालमीला."

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ असतो, आणि फुटबॉलवरून सोयरिकी मोडतात. अमरसिंह म्हणजे पलीकडच्या तालमीच्या संघाचे सर्वेसर्वा. आमच्या तालमीचा गोलकीपर म्हणजे जोतीराम, बयाबाईंचा नातू. मागच्या फायनलला पलीकडच्यांनी पेनल्टीवर त्याच्या पायांमधून गोल घातला, आणि तेव्हापासून बयाबाई त्या रस्त्यानं म्हशीसुद्धा नेत नाहीत.

बयाबाईंचं तोंड मिटलं. नाकपुड्या फुगल्या. शिफानं स्वप्नालीला खूण केली, पट्टी सुरू झाली.

"किती, आजी?"

"न्हाय."

"काहीच नाही?"

"गार हाय. बरफ घातलाय जनू."

आच वाढवली. मर्यादेपर्यंत वाढवली. मी ती आच नंतर घेऊन पाहिली आहे, सातच्या खाली कुणी सांगणार नाही. बयाबाई साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, ह्येला यंतर म्हंत्यात? आणि पडदा बघण्यासारखा झाला होता. रागानं रेघ वर जाऊन बसली होती खरी, पण प्रत्येक चटक्याला जो उंचवटा उठायला हवा, तो उठतच नव्हता. म्हातारीचं अंगसुद्धा अमरसिंहांना अर्धा मार्क द्यायला तयार नव्हतं.

मग शिफानं त्यांना खरं सांगितलं. अशा प्रयोगात खोटं बोललं तर लगेच खरं सांगावं लागतं, तसा नियम आहे. यंत्र आपलंच आहे म्हटल्यावर बयाबाईंनी पहिली हरकत घेतली ती अशी, की मग एवढा वेळ काढला तो फुकटच की. पुन्हा आच दिली. तीच आच. उंचवटे एकामागून एक उठले, आणि बयाबाई "आई गं" म्हणाल्या. या खेपेला आकडा सांगायलाही विसरल्या.

साहेब आपले बरोबर पॉइंट काढणारे. म्हणाले, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. शिफा म्हणाली, नाहीच होत. मी पण मनात तेच म्हटलं. पण त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी खुर्ची ओढली, किटलीतलं दूध कपात ओतून घेतलं आणि विचारलं, इथं अशा तालमी एकूण किती आहेत? साहेबांनी बांधलेले कागद पुन्हा सोडले. अर्ध्या माणसांना यंत्र आपल्या तालमीचं म्हणून सांगायचं, अर्ध्यांना पलीकडच्या, आणि आकड्यावर भिस्त न ठेवता रेघ बघायची, असं ठरलं. आपल्या माणसाची काळजी आणि परक्याचा राग, दोन्ही दुखण्यात कुठं शिरतात ते शोधायचं. म्हणजे पोरीनं काउंटरखालून विचारलं होतं तेच. प्रयोगशाळा हलणार नाही, हे त्यांनी जाताना जिन्यात सांगितलं. नेमकं फातिमाभाभींसमोर. फातिमाभाभींनी त्या बाईंचा हात धरला. मला वाटलं आभार मानतात. त्यांनी माप बघितलं. म्हणाल्या, सव्वादोन.

बातमी संध्याकाळच्या आत पलीकडच्या तालमीत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरसिंह स्वतः कॉलेजच्या दारात उभे, मागं त्यांचा आख्खा संघ, राखीव खेळाडूंसकट. आमच्या नावावर एका म्हातारीनं शून्य घातलं, हा तालमीचा अपमान आहे, आमचीही माणसं बसवा, असं त्यांचं म्हणणं. वर्षभर शिफा आमच्या पेठेबाहेरचा एक माणूस मिळावा म्हणून हिंडत होती. आता स्वप्नालीला टोकनं वाटावी लागली. तारांची टोपीही कपाटातून बाहेर आली, कारण फुटबॉलवाल्यांच्या डोक्याला तेल नसतं.

माझं दूध सोमवारी सुरू झालं, पाण्याशिवाय.

आणि फातिमाभाभींनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. मलाही. माझ्या हातात वर्षानुवर्षं घड्याळाशिवाय काही नाही, हाडं आता सरळ राहिलेली नाहीत, नको म्हटलं तरी त्यांनी हात ओढला. अंगठा तळव्यात दाबला, सांधे आवळले आणि बांगडी हाडावर आणून थांबवली. शिफा शेजारी बसून डबे काढून देत होती.

"किती दुखतंय, बाई?" फातिमाभाभींनी विचारलं.

मी म्हटलं, चार.

त्यांनी शिफाकडं हात पसरला आणि एक माप लहान मागितलं.